वनजाने बांधलेलं छप्पर

बन्नीमंटप, म्हैसूर
४ मे १९९८

चि. वनजाला इंदिराबाईचे अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहायला गेले आणि हात अडला. रागावू नकोस. इकडे सगळे बरे आहोत, माझे गुडघे सोडून.

परवा संध्याकाळी असा वारा सुटला म्हणून सांगू! अय्यो, समोरच्या रणोजीरावांच्या शिलाईच्या शेडचे पत्रे उडाले ते थेट मैदानात. आपलं छप्पर मात्र हललं नाही. गल्लीतल्या बायका पोरंबाळं घेऊन आपल्याकडेच आल्या. "कुठल्या मेस्त्रीने बांधलं?" ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. तिरुमल, माझाच लेक, उठून खिडक्या लावायला लागला. मीच ठणकावलं, "मेस्त्री कसला? आमच्या वनजाने. इंजिनियर आहे ती."

रुंद वळचणीसाठी मी सासू म्हणून तुझ्याशी केवढी भांडले होते! सावलीत मशीन मांडून बसायची हौस मला. तू म्हणालीस, "अत्ते, वारा वळचणीखाली शिरतो आणि अख्खं छप्पर उचलतो." तरी माझं मन राखायला पुढे निराळा मांडव घालून दिलास, छपराला न जोडता. परवा तेवढाच गेला बघ.

तू शिडीवर चढून गड्यांबरोबर बोल्ट आवळायचीस, ते तिरुमलला खपलं नाही. मूर्ख कुठला! आता त्याच छपराखाली घोरतो.

बरं, विचारायचं होतं ते असं. छप्पर भिंतीला धरून ठेवणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या एका बाजूने कापल्या तर चालेल काय? तेच छप्पर पुढे ओढून खोली वाढवायची, असं तिरुमल म्हणतोय. कंत्राटदार म्हणतो, काही होत नाही. तुला विचारू म्हटलं, तर तिरुमल ताटावरून उठला.

खोली कशाला, असं तू विचारशीलच. तिरुमलचं लग्न ठरलं ग. पुढच्या महिन्यात. मुलगी जयलक्ष्मीपुरमची, गरीब स्वभावाची. तिचा काय दोष? पण मला दुसरी सून नको होती, वनजा. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी दारात उभी होते, आणि "जाऊ नकोस" एवढं तोंडातून निघालं नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

पट्ट्यांचं लगेच कळव. त्या पोरीला इथेच राहायचं आहे. पत्र आधी तिरुमलच्या हाती पडेल, पडू दे. तू लिहिलेलं तो नाकारणार नाही. फक्त छपराचंच लिही. माझ्यासाठी काही लिहिलंस, तर त्याच्यासमोर मला रडू आवरायचं नाही.

हक्क राहिला नाही, तरी
तुझीच अत्ते