एकच मजकूर, चार दारं

३ मार्च, सोमवार

काढलं कामावरून. एकोणीस वर्षं वर्तमानपत्राची प्रुफं तपासली. आता ते काम मशीन करणार म्हणे. संपादक म्हणाले, "तुमची उणीव भासेल." खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

लेक म्हणाली, "आई, कुढत बसू नकोस. नेटवर चार ठिकाणी टाक, कुणीतरी बोलावतंच." लिहिलं — काम गेलं, काम हवंय. तोच मजकूर चारही ठिकाणी.

४ मार्च

नोकरदारांच्या मंचावर सगळे सुटाबुटात. एकशे बारा अभिनंदनं! "नव्या प्रवासाला शुभेच्छा." त्यात संपादकांच्या टाळ्याही. फोटोंच्या ठिकाणी नुसते बदाम. एकीने विचारलं, चष्म्याची फ्रेम कुठून घेतलीस? घरच्या ग्रुपवर मावशीचे जोडलेले हात, लगेच खाली भाऊजींचा गुलाब, शुभ सकाळ. किती सभ्य सगळे. फोन एकाचाही नाही.

आणि भांडकुदळांच्या अड्ड्यावर कुणी 'छापखानेवाला': "बरं झालं काढलं. निधनवार्तेवर 'हार्दिक अभिनंदन' छापलंत, ते पान तुमचंच ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली.

५ मार्च

सकाळभर खरमरीत उत्तर जुळवत होते. शेवटी खरं तेच लिहिलं — "हो, माझंच. त्या घरी जाऊन माफी मागून आले होते."

तासाभरात उत्तर: "तेवढं तरी केलंत. उद्या अकराला छापखान्यात या. कौतुक मिळणार नाही, काम मिळेल." खाली पत्ता.

लेक म्हणते, "असल्या माणसाकडे जाऊ नकोस." नवरा म्हणतो, "जा. बोलणी खायचीच, तर समोर बसून खा."

६ मार्च

गेले. दोन खोल्या, शाईचा वास, कागदाचे गठ्ठे. मालक सत्तरीचे, दिसत जवळजवळ नाहीच. माझा आवाज ऐकून धडपडत उठले. "बसा ना, बाई. तुम्ही आलात, फार बरं वाटलं." हाच तो? मी कसनुसं हसले. शाळेच्या पुस्तकांची प्रुफं आहेत, सोमवारपासून.

घरच्या ग्रुपवर कळवलं. मावशीचे जोडलेले हात.

१० मार्च, सोमवार

पहिला दिवस. डबा खाताना मालकांची मुलगी हळूच म्हणाली, "बाबा सांगतात, मी टाइप करते. त्यांनी तुम्हाला फार आदराने लिहायला सांगितलं होतं. आधी तसंच टाकलं. तुम्ही वाचलं नाहीत. मग दुसरं माझ्या मनाने लिहिलं. रागावू नका."

घरी येऊन त्या अड्ड्यावरचे निरोप शोधले. आहे. तीन तारखेचं, सहा ओळींचं — "आदरणीय बाई, आम्हाला तुमची गरज आहे..."

वर 'वाचलं' अशी खूण होती. मी ते पाहिलं होतं.