इवायाला दिलेला कुत्रा

जळगाव जामोद,
सोमवार, सकाळी दहा
(सौ. भाजी आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहून घेतो.)

सन्माननीय रामरावजी यांस,

तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझ्याहून दीड वर्षानं लहान, आणि चिरंजीव लिहावं तर आमच्या सारिकाचे सासरे, म्हणजे आमचे इवाई. म्हणून मधलं 'सन्माननीय' घातलं आहे, ते गोड मानून घ्यावं. भागवतचा आणि सौ. कोकिळाचा नमस्कार. (तिचा मी तिला न विचारता लिहिला आहे. गेल्या बारा दिवसांपासून ती माझ्याशी बोलत नाही, का ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? पुष्पांजलीबाईंची शुगर आटोक्यात आहे ना? सारिकाला सातवा लागला, तिला म्हणावं जिन्याची चढउतार कमी कर. आणि चेकर कसा आहे? खातो का? भाकर दुधात कुस्करली तरच खातो तो, कोरडी टाकली की नुसता आपल्या तोंडाकडे पाहत बसतो. हे आपलं सहज लिहिलं, त्यामागं काही नाही.

फोन न करता पत्र लिहितो याचं नवल वाटलं असेल. पण तुमच्याकडे फोन आला की तो स्पीकरवर जातो, टीव्हीचा आवाज कमी होतो आणि सारं घर भोवती गोळा होतं. मागच्या वेळी मी तुमच्याशी पाच मिनिटं बोललो आणि शेवटी कळलं की मधूनमधून 'हाव, हाव' म्हणणारी बाई तुमच्या शेजारची होती. मला जे सांगायचं आहे ते शेजारणीच्या कानावर जाण्यासारखं नाही.

तर मुद्द्याचं. मागच्या महिन्यात तुम्ही मुक्कामी आले होते. संध्याकाळी आपण ओट्यावर बसलो, चेकर तुमच्या पायाशी येऊन बसला, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, कुत्रा झकास आहे बरं का. आता आपल्याकडची रीत तुम्हाला मी काय सांगावी? इवायानं एखादी वस्तू चांगली म्हटली की ती त्याच्या पदरात घालायची. (आमच्या वडिलांनी एका लग्नात पायातल्या नव्या चपला अशाच काढून दिल्या आणि तीन कोस अनवाणी घरी आले. आईनं आठ दिवस त्यांच्या पायांना तेल लावलं आणि आठही दिवस शिव्या दिल्या.) मी चेकर तुम्हाला दिला. कपाळाला टिळा लावला, गळ्यात दुपट्टा टाकला. तुम्ही तीनदा नको म्हणाले, मी तीनदा आग्रह केला, आणि तो तुमच्या गाडीत मागच्या सीटवर नवरदेवासारखा बसून गेला. गल्लीतली माणसं म्हणाली, भागवतराव, मोठं मन लागते बाप्पा असं द्यायला.

रामरावजी, आता जरा टेकून बसा. मी तो मन मोठं म्हणून दिला नाही. तो कोंबड्यांची पिल्लं खातो अशी माझी खात्री झाली होती, म्हणून दिला. आणि तुमच्याकडेही कोंबड्या आहेत हे मला पक्कं माहीत होतं. लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं.

कोंबड्या आम्ही सारिकाच्या बाळंतपणासाठीच आणल्या. बाळंतिणीला गावरान अंडं घरचं असावं म्हणून एक कोंबडी खुडूक बसली तशी तिच्याखाली अंडी ठेवली, अकरा पिल्लं निघाली. चौथ्या दिवसापासून ती कमी व्हायला लागली. आता मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. बिनतिकीट प्रवासी मी चेहऱ्यावरून ओळखत असे. तेव्हा म्हटलं, हा तपास आपलाच. आधी संशय घारीवर गेला. अंगणावर सौ.च्या दोन साड्या ताणून बांधल्या. (विचारून बांधायला हव्या होत्या.) तरी पिल्लू गेलं. मग शेजारच्या जयमालाबाईंच्या बोक्यावर गेला. त्याच्यापायी त्यांच्याशी भांडण झालं, त्यांनी बोका तीन दिवस घरात कोंडून दाखवला, आणि त्या तीन दिवसांत दोन पिल्लं गेली. आणि मग एका सकाळी चेकरच्या तोंडाला पीस चिकटलेलं दिसलं. नाकावर ओरखडा. मी विचारलं, काय रे? तर त्यानं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. बिनतिकीट माणूस असाच खिडकीबाहेर पाहतो! माझ्यापुरता निकाल लागला.

आता खरी गोष्ट. आमच्या मागच्या भिंतीशी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग आहे. रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात बसलो की त्या ढिगातून एक मुंगूस निघायचं. मुंगसाचं तोंड सकाळी दिसणं किती चांगलं, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी कप खाली ठेवून त्याला हात जोडायचो. एकदा तर त्याचं दर्शन झालं त्याच दिवशी नळाला दुपारीही पाणी आलं, त्यामुळं माझा विश्वास फारच बसला. पण चेकर त्याला पाहिलं की जीव तोडून भुंकायचा. मी ओरडायचो, गप बे, चांगलं तोंड पळवून लावतो! ऐकेना, तेव्हा मी त्याला सकाळचा बांधून ठेवायला लागलो. होय, मुंगसाला त्रास नको म्हणून. राखण करणाऱ्याला मी स्वतःच्या हातानं साखळी घातली.

चेकर तुमच्याकडे आल्यावर पिल्लं जास्तच वेगानं जायला लागली. बारा दिवसांपूर्वी सकाळी मी नेहमीसारखा हात जोडून उभा, आणि मुंगूस खुराड्याखालून निघालं. तोंडात पिल्लू. ते थबकलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. माझे हात जोडलेलेच. मागून सौ.चा आवाज आला, 'नमस्कार झाला असन तं हाकला आता त्याले!' तोवर ते ढिगात गेलंही होतं. नाकावरचा तो ओरखडा कशाचा, तोंडातलं पीस कुठून आलं, सगळं मला एकदम समजलं. चेकरनं पिल्लू सोडवायची झटापट केली असणार, आणि मी त्याला दुपट्टा घालून गावाबाहेर काढला. फार वाईट वाटलं, रामरावजी. दिवसभर काही गोड लागलं नाही.

मग मी पऱ्हाट्यांचा ढीग हलवला. खुराडा कमरेएवढ्या उंचीवर घेतला, बारीक छिद्रांची जाळी लावली, खालच्या, कोंबड्या फिरायच्या वाड्यालाही जाळी मारून ती जमिनीत वीतभर पुरली, वरून दगड दाबले, कारण मुंगूस उकरून आत येतं. तीन पिल्लं उरली ती आता ठणठणीत आहेत. म्हणजे राखणीसाठी कुत्र्याची गरज नाही, असं कुणीही म्हणेल. मला तर नाहीच. मला काय, कुत्रा असला काय नि नसला काय. फक्त सौ.ला करमत नाही. ती बिचारी दारापाशी जाऊन उभी राहते, पाहवत नाही.

सर्वांना यथायोग्य. चूकभूल पोटात घालावी.

आपला,
भागवत

ता. क. दिलेली वस्तू परत मागणं आपल्यात बसत नाही, आणि मी मागतही नाही. मी येत्या रविवारी सारिकाला भेटायला येतो आहे. ओट्यावर बसू. चेकर पायाशी येईलच. तेव्हा मी म्हणेन, कुत्रा झकास आहे बरं का. पुढची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मी तीनदा नको म्हणेन, ते मनावर घेऊ नका.

ता. क. दुसरा (अक्षर माझं, कोकिळाचं)

रामरावदादा, हे पाकीट पोस्टात टाक म्हणून मले दिलं होतं. मी फोडून वाचलं. मी बोलत नाई असं लिवलं, ते खोटं. मी रोज बोलते, हेच नुसते हूं हूं करतात. दारापाशी मी नाई उभी राहत. हे रोज संध्याकाळी बसस्टँडवर जातात, तुमच्या खामगावकडून आलेल्या हरेक गाडीच्या कंडक्टरले इचारतात का रस्त्यानं येताना एखादा तांबडा कुत्रा चालत येताना दिसला काय. लोक हासतात. मले सहन होत नाई.

रविवार लय लांब आहे, म्हणून मी पत्र घेऊन स्वताच आली. तुमच्याच ओट्यावर बसून लिवून राह्यली. पुष्पांजलीताईनं चहा ठेवला, जावाई दीपकराव आम्हा दोघायले, मले अन् चेकरले, गाडीनं सोडून देतो म्हणतात. आमच्या यायनं फोनवर इचारलं तं एवढंच सांगा, कुत्रा आमच्याकडं राहेना, म्हणून आम्हीच पाठवला. यायनं मागतला असं कोणाले कळू देऊ नका.