कमरेएवढा दोरा

आंजी (मोठी),
३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्राला महिना लावला म्हणून रागावू नका. फोन केला की तुम्ही सगळ्याला हो म्हणता आणि मला कळतं, एक अक्षर पोचलेलं नाही. परवा विचारलं, गुडघा दुखतो का, तर म्हणालात, हो, सगळ्यांना सांगतो. गिरणीच्या खडखडाटाने कान नेले, त्याला तुम्ही तरी काय करणार. म्हणून आता पत्रच बरं.

सध्या गावात नवं काम आलं आहे. तिशीवरच्या प्रत्येकाची कंबर मोजायची आणि फॉर्म भरायचा. आशाताई म्हणून बारा वर्षं बाळंतिणी सांभाळल्या, लसी सांभाळल्या, पण अशी पंचाईत कधी झाली नव्हती. बाई असली तर आधी घरातल्या पुरुषांना बाहेर काढा. निऱ्यांवरून टेप धरली तर निऱ्याच चार बोटं भरतात, म्हणून त्या सैल करायला लावा. एवढं करून समोर जाऊ बसलेली असली की बाई श्वास आत ओढून उभी राहते आणि सोडतच नाही. पुरुषांना लाज नाही, पण पोट आहे हेच त्यांना कबूल नाही. तानबाभाऊ म्हणाले, हे पोट नाही, ही तब्येत आहे.

बाईची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषाची नव्वदच्या. आत असली की मी हिरव्या पेनाने खूण करते, बाहेर गेली की लाल. चाळिशी ओलांडलेल्या बायांची पानं पाहिलीत तर मिरची सांडली की काय असं वाटेल.

तुमचं पोट तर आई असतानाच शर्टाच्या बटणांना जुमानत नव्हतं. बेंबीवरून, श्वास सोडून मोजा आणि कळवा. लबाडी नको.

हेमराज ट्रक घेऊन हैदराबादकडे गेले आहेत. काजल नागपूरला, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात. घरात मी आणि मांजर.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
रक्षा


नाचणगाव,
११ फेब्रुवारी २०२५

चि. रक्षास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने विचारलं, आजच्या काळात तुम्हाला पत्र कोण लिहितं. मी सांगितलं, माझी मुलगी लिहिते. तो आणखी काही बोलला, ते ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा तेच सांगितलं.

टेप घरात आहे, पण ती तुझ्या आईच्या शिलाईच्या डब्यात आहे. तो डबा जिजा गेल्यापासून उघडलेला नाही. दीड वर्ष होत आलं, तरी होत नाही. म्हणून गिरणीतली सुताची एक कांडी ठेवली होती, त्यातला दोरा कमरेला लावून तोडला. सोबत पाठवतो. तुझ्या टेपने तूच मोज. तीस वर्षं सूतखात्यात गेली. ताण किती द्यायचा ते अजून बोटांना ठाऊक आहे, तेव्हा मापात खोट निघणार नाही.

लिंबाच्या झाडाला यंदा फळ बरंच आहे. गुलाबकाकू शेजारून येऊन नेते. मी एकटा किती लिंबं खाणार.

सवड काढून लिहीत जा.
तुझा बाबा,
आनंदराव


आंजी (मोठी),
२ मार्च २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

एकशे तीन! खाटेवर दोरा सरळ करून तीनदा मोजला. तुमच्या नावापुढे लाल खूण करायची तर पेन पुरणार नाही. आता ऐका, म्हणजे वाचा. चहातली साखर बंद. रात्रीचा भात बंद. पोळी सोडून ज्वारीची भाकर. रोज सकाळी पुलगाव स्टेशनपर्यंत चालत जायचं आणि चालतच यायचं. दर महिन्याला नवा दोरा पाठवायचा.

आईने लाडावून ठेवलं तुम्हाला. तुम्ही अंगणात पेपर घेऊन बसलात की ती दारातून हाक मारायची, “जेवाले या, थंडं होऊन राह्यलं.” बाकीचं जग तुम्हाला ऐकू यायचं नाही, पण ही हाक बरोबर ऐकू यायची. मग भाताचा एक डोंगर संपला की ती दुसरा वाढायची.

बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याशिवाय मला बोलायला आहे तरी कोण.

तुमची,
रक्षा


नाचणगाव,
५ एप्रिल २०२५

चि. रक्षास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

सांगितल्याप्रमाणे करतो आहे. साखर सोडली. भात सोडला. अवघड वाटलं होतं, पण तसं अवघड गेलं नाही. सकाळी स्टेशनवर जातो, बाकावर बसतो, दोन-तीन गाड्या पाहतो आणि परत येतो. उतरणाऱ्यांत ओळखीचं कोणी नसतं.

दोरा सोबत आहे. मागचं पत्र दीड पानाचं होतं. जमलं तर या वेळी थोडं मोठं लिही.

तुझा बाबा,
आनंदराव


आंजी (मोठी),
२१ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

शाबास बाबा. सत्त्याण्णव! जयंतीला यायचं नक्की होतं, पण त्याच दिवशी इकडे आरोग्याचा कॅम्प लागला आणि माझी सुट्टी गेली. येता आलं नाही म्हणून तोंड पाडून बसले होते, तेवढ्यात तुमचं पाकीट आलं आणि दिवस सोन्याचा झाला.

बायांच्या बैठकीत मी दोन्ही दोरे घेऊन गेले. म्हटलं, बघा, हे माझ्या बाहत्तर वर्षांच्या वडिलांचं पोट, फेब्रुवारीचं आणि एप्रिलचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या उपकेंद्राच्या सोनम मॅडमनी दोरे हातात घेऊन पाहिले. सीताबाई म्हणाली, माझ्या म्हाताऱ्याला आठ दिवस नाचणगावला पाठवून देते. एवढी हसलो आम्ही.

आता एक खरी गोष्ट सांगते, कोणाला सांगू नका. सगळ्या गावाची कंबर मोजली, माझी राहिली होती. काल दार लावून मोजली. शहाण्णव. म्हणजे मीही मिरचीच्या पानावरच. खाते काय म्हणाल तर काही वेगळं नाही. पण हाताला तिघांचाच अंदाज आहे, एकटीचा स्वयंपाक त्याला जमत नाही. भात उरतो, सकाळी फोडणी घालते. पोळ्या उरतात, दुपारी कुस्करा करते. टाकवत नाही. ताट घेऊन बसायला कोणी समोर नाही, मग ओट्यापाशी उभ्यानेच खाते आणि किती खाल्लं ते कळत नाही. घरोघरी बायांना विचारलं तर सगळ्यांचं हेच. मुलं गेली, नवरा कामाला गेला, उरलेलं कोण खाणार, तर आपणच.

काजलचा फोन आला की मी सगळं ठीक म्हणते. तिला परीक्षेत आणखी काळजी नको. तुमच्याजवळ मात्र खोटं लिहवत नाही.

हे बघा, साडेतीन पानं झाली. आता तरी खूश?

तुमची,
रक्षा


नाचणगाव,
२२ जून २०२५

चि. रक्षास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

मागचं पत्र चार वेळा वाचलं. टाळ्यांचं गुलाबकाकूलाही वाचून दाखवलं. मे महिन्यात दोरा पाठवायचा राहिला, म्हणून या वेळी मनासारखा झाल्यावरच तोडला. पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली आहेत.

तू उभ्याने खाऊ नकोस. पाय दुखतील.

पत्राची वाट पाहतो.
तुझा बाबा,
आनंदराव


आंजी (मोठी),
२ जुलै २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

सत्त्याऐंशी भरला. मी हिरवं पेन काढलं आणि घरच्या वहीत तुमच्या नावापुढे खूण केली. ही गोष्ट गेल्या शुक्रवारची. पत्राला पाच दिवस का लागले तेच लिहायला बसले आहे.

सोमवारी माझ्या वस्त्यांचा तक्ता केला. तिशीपासून लाल खुणा वाढत जातात. बायांच्या चाळिशी-पन्नाशीत सगळ्यांत जास्त, पुरुषांच्या जरा उशिरा आणि जरा कमी. सत्तरीनंतर मात्र दोघांच्याही उतरतात आणि पानं हिरवी होत जातात. मी सोनम मॅडमना मोठ्या कौतुकाने म्हटलं, आपले म्हातारे शहाणे झाले. त्यांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, की यांच्यात एकटे राहणारे किती, आणि त्यांच्या घरात स्वयंपाक कोण करतं. फॉर्ममध्ये तो रकानाच नाही, बाबा. मी कधी विचारलंच नव्हतं. टेप लावली, खूण केली, पुढचं घर.

मंगळवारी चिंधूआजाकडे गेले. त्यांचं पान माझ्या वहीत सगळ्यांत हिरवं. उंबरठ्यावरून परत न फिरता या वेळी आत गेले. शेगडीवर जुना पेपर पसरलेला, त्यावर बोटभर धूळ. टोपल्यात तीन बिस्किटं. विचारलं, आजा, काऊन रांधत नाही. ते म्हणाले, एकट्यासाठी काय रांधायचं बाई, पाणी पिऊन झोपतो.

घरी येऊन तुमचे तिन्ही दोरे खाटेवर शेजारी शेजारी ठेवले. पहिला, दुसरा, तिसरा. ज्यासाठी मी टाळ्या मिळवल्या ते पाहवेना. तुम्ही लिहिलं होतं, अवघड गेलं नाही. ते वाक्य मी आनंदाने वाचलं होतं.

बाबा, तुमची शेगडी पेटते का? खरं लिहा. लबाडी नको.

तुमची,
रक्षा


नाचणगाव,
८ जुलै २०२५

चि. रक्षास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो. दोष तुझा नाही.

भात सोडला, तेव्हा नुसत्या भाकरीसाठी वरण कोण करील म्हणून वरण सुटलं. मग एका भाकरीसाठी पीठ कोण मळेल म्हणून भाकर सुटली. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि दोन टोस्ट. गुलाबकाकूने डबा दिला तर जेवलो असं सांगून परत केला. शेगडी एप्रिलपासून पेटते ती चहापुरतीच.

भूक लागत नाही असं नाही. पण जेवायची वेळ झाली हे मला स्वतःला कधी कळलंच नाही, एवढी वर्षं ती दारातून हाक मारायची. ती हाक बंद झाली आणि मी पेपर घेऊन बसूनच राहतो. मग अंधार पडतो.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. पहिला दोरा पाठवला, दीड पान आलं. दुसरा आखूड होता, साडेतीन पानं आली, टाळ्या आल्या. मला वाटलं, दोरा जितका आखूड, तितकं पत्र लांब. मे महिन्यात मोजला तर ब्याण्णव भरला. फार फरक नव्हता, म्हणून पाठवला नाही. आणखी थोडा कमी होऊ दे म्हटलं, म्हणजे तू भरपूर लिहिशील. म्हातारपणी माणूस पोरकट होतो.

तू सांगशील तर आजपासून भाकर करतो. पण मी जेवू लागलो आणि दोरा तेवढाच राहिला, तर तू काय लिहिशील, याचीच काळजी वाटते.

तुझा बाबा,
आनंदराव


आंजी (मोठी),
१२ जुलै २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून दारात बसून रडले. मांजर येऊन शेजारी बसलं, बाकी घरात होतं कोण. बारा वर्षं दुसऱ्यांची घरं तपासली आणि स्वतःच्या बापाच्या उपाशी पोटाला शाबासकी दिली. मला माफ करा.

तुम्ही एकटे म्हणून वाळलात, मी एकटी म्हणून फुगले. वहीत तुमचं पान हिरवं आणि माझं लाल, पण दुखणं एकच आहे. हे कोणत्या पेनाने लिहायचं ते मला ठाऊक नाही.

हेमराज येत्या आठवड्यात घरी येतात, रविवारी पहाटे पुन्हा ट्रकवर जातील. शनिवारी आम्ही दोघं गाडी घेऊन नाचणगावला येतो. चार जोडी कपडे बांधून ठेवा. लेकीच्या घरी राहू नये वगैरे काढू नका, कापूस वेचणीला येईपर्यंत इथेच राहायचं. मग पुढचं पुढे बघू. तोवर गुलाबकाकूचा डबा परत करायचा नाही, मी तिला फोन करून सांगितलं आहे. आईचा शिलाईचा डबाही घ्या. आपण दोघं मिळून उघडू.

आणि पत्रांची काळजी सोडा. तुम्हाला ऐकू येत नाही, तेव्हा घरात समोर बसलात तरी लिहूनच सांगावं लागणार. दोरा पाठवायची गरज नाही.

तुमची,
रक्षा


आंजी (मोठी), स्वयंपाकघरातून ओसरीवर
२० जुलै २०२५

ती. बाबांस,
जयभीम.

पेपर ठेवा. दोन ताटं वाढली आहेत.

जेवाले या, थंडं होऊन राह्यलं.

रक्षा