प्रभू त्याआधी आला नाही तर

मी, इस्मेना लेंडोर, अविवाहित, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, राहणार हिलेअर बे, बेट कॅरियाकू, आज स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने हा कागद लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळीच मासेवालीने तराजूचा काटा मारला तो मी चष्म्याशिवाय पकडला, यापेक्षा मोठा दाखला डॉक्टरही देणार नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. शेजारी निवृत्त मास्तर फिट्झरॉय लॅम्बर्ट बसले आहेत. गावातली मृत्युपत्रं त्यांच्याच सल्ल्याने होतात. कायद्याचे शब्द त्यांचे, बाकीचे माझे. "इस्मेना, विषयाला धरून लिही," असं ते आत्तापर्यंत दोनदा म्हणाले आहेत, आणि अजून माझं नाव-गावच चाललंय.

कलम १. माझ्या मरणाआधी प्रभूचं पुनरागमन झाल्यास हा कागद रद्द समजावा व चूल पेटवायला वापरावा. मास्तर म्हणतात, असलं कलम कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, "प्रभू आल्यावर तुमचा कायदा कुठं बसणार आहे, ते आधी सांगा." कलम राहिलं.

कलम २. मृत्युपत्र करणं आमच्या शेवटच्या कर्ण्याच्या मंडळीत पाप धरतात, हे मला पूर्ण ठाऊक आहे. कुठल्याही घटकेला शेवटचा कर्णा वाजेल आणि प्रभू येणार, मग मागे ठेवायचं कुणासाठी? आमचे पाळक थिओफिलस क्वाशी उपासनेत म्हणायचे, "मृत्युपत्र करणारा तोंडाने 'ये प्रभू' म्हणतो आणि हाताने दाराला कडी घालतो." चाळीस वर्षं त्यावर सगळ्यांत मोठ्याने आमेन मीच म्हटलं. गेल्या महिन्यात पाळक ब्याण्णवाव्या वर्षी, वाट पाहता पाहता, गेले. कागद काही नाही. आता त्यांच्या घराला सहा मुलांची सहा कुलपं लागली आहेत आणि त्यांची बायको, सिस्टर व्हर्जिनी, मागच्या पडवीत चूल मांडून बसली आहे. मी तिला कॅलालूची भाजी घेऊन गेले तर म्हणाली, "इस्मेना, ह्यांना प्रभू येण्याची तारीख काढता आली, पण घर कुणाचं ते काही सांगता आलं नाही बघ." घरी येताना मी दुकानातून कागद आणि पेन घेतलं.

कलम ३. घर व जमीन. ही वडिलोपार्जित जमीन रस्त्यापासून पार समुद्रापर्यंत आहे. मी काही लिहून ठेवलं नाही तर ती माझा पुतण्या रॉडनी, राहणार हडर्सफील्ड, इंग्लंड, याला जाते. रॉडनी दर नाताळला फोन करतो. "आत्या, तब्येत कशी आहे?" असं विचारतो, आणि मी उत्तर द्यायच्या आत "जमिनीचे कागद कुठे ठेवलेत?" असं विचारतो. तो हॉटेलवाल्याला विकणार, यात मला तीळमात्र शंका नाही. आणि जमिनीच्या खालच्या टोकाला, वाळूवर, सिल्व्हेनस इनोची होड्या बांधायची शेड आहे. तो तिथेच काम करतो, तिथेच झोपतो. बहात्तराव्या वर्षी त्याला तिथून कोणी उठवू नये, एवढ्यासाठी माझा हा सगळा खटाटोप आहे. सबब, घर, जमीन व शेडखालची वाळू माझ्या पश्चात सिल्व्हेनस इनो यास देण्यात यावी. रॉडनीला माझं घड्याळ देण्यात यावं. ते बंद आहे.

मास्तर म्हणतात, सिल्व्हेनसशी नातं काय ते लिही.

काय लिहू? हे घर त्याने बांधलं. दोन खोल्या झाल्या, तिसरीच्या भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा १९७९ साली तो हातोडी खाली ठेवून म्हणाला, "इस्मेना, ही तिसरी आपल्या दोघांची. लग्न करूया." नेमकी त्याच वर्षी पाळकांनी पहिली तारीख काढली होती, पुढच्या ईस्टरची. मी म्हटलं, "अरे, सहा महिने तर राहिले. प्रभू येऊन जाऊ दे, मग बघू." छपराचे पत्रेही घेऊ दिले नाहीत. सहा महिन्यांसाठी पत्रे कशाला वाया घालवायचे?

ईस्टर आला. प्रभू आला नाही. पाळक म्हणाले, हिशेब बरोबर होता, मोजायला सुरुवात बायबलातल्या चुकीच्या राजापासून झाली. मग दुसरी तारीख निघाली, मग तिसरी, मग चौथी. दर तारखेच्या दुसऱ्या दिवशी सिल्व्हेनस टोपी हातात घेऊन दारात यायचा.

"आला का?"

"नाही."

"मग?"

"पुढची तारीख निघाली आहे."

"बरं," म्हणायचा, आणि जाऊन नव्या होडीचा कणा घालायचा. या वाट पाहण्यात त्याच्या सतरा होड्या झाल्या. तिसऱ्या खोलीत कोंबड्या राहतात. नात्याच्या रकान्यात मास्तरांनी "शेजारी" लिहायला सांगितलं, मी लिहिलं आहे.

कलम ४. शिवणयंत्र सिस्टर व्हर्जिनी हिला द्यावं, म्हणजे सहा कुलपांच्या बाहेर बसून निदान पोटापुरतं शिवेल. मंडळीचे त्रेसष्ट पांढरे झगे मी शिवले आहेत. प्रभूला सामोरं जायचं तर झगा इस्त्रीचा हवा, म्हणून दर तारखेला सगळे धुऊन, खळ घालून, कडक करून दिले. शिवाय दर तारखेला शिवणी उसवून सैलही करावे लागले, कारण आमची मंडळी वाट पाहते ती जेवता जेवता पाहते. हे झगे शाळेला नाताळच्या नाटकासाठी द्यावेत. एकेका झग्यात तीन तीन देवदूत मावतील.

कलम ५. कोंबड्या, नग नऊ, आणि कोंबडा, नग एक, ही शेजारीण सिस्टर अल्मिना बेथेल हिला देण्यात यावीत. हे प्रेमापोटी नाही, हे नोंदवून ठेवते.

चौथ्या तारखेच्या आठवड्यात आम्ही सगळे झगे घालूनच झोपत होतो. शुक्रवारी सकाळी, मी कॉफी गाळत असताना, समुद्राकडून असा काही कर्णा वाजला की भिंतीवरचं ताट खाली पडलं. तसा आवाज या बेटावर कोणी कधी ऐकला नव्हता. सगळी मंडळी टेकडीकडे पळत सुटली. पाळकांना दोघांनी खांद्यावर घेतलं. वर पोहोचल्यावर दुसऱ्यांदा वाजला. अल्मिना माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायला लागली. "इस्मेना, मला माफ कर! तुझ्या कोंबड्यांची अंडी अकरा वर्षं मीच नेते आहे. मुंगूस बिंगूस काही नाही!" मी तिला मोठ्या मनाने माफ केलं, कारण पाच मिनिटांत सगळं संपणारच होतं.

चाळीस मिनिटांनी भूशिराआडून ग्रेनाडाची मालबोट बाहेर आली. तिला नवा भोंगा बसवला होता. तिच्यावर सिमेंट आणि कांदे होते.

खाली उतरताना मी अल्मिनाला म्हटलं, "मग अंड्यांचं काय?" तर बाई म्हणते, "ते मी घाईत बोलले होते." घाईत! प्रभूच्या दारात उभं राहून कबूल केलेलं, बोट दिसल्यावर परत घ्यायचं? मीही माफी परत घेतली. आठ वर्षं आमचं कुंपणावरून बोलणं नाही. जो माणूस शेवटच्या क्षणी बोललेला शब्द तासाभरसुद्धा पाळत नाही, त्याच्या विश्वासाला काय अर्थ आहे, हे मी या कलमात कायमचं लिहून ठेवते.

इथे लिहिण्यात खंड पडला. खिडकीत अल्मिना उभी आहे. कधीपासून उभी आहे देव जाणे. ती म्हणते, "वा गं वा! माझं तेवढं मोठ्या अक्षरात लिही. आणि तू टेकडीवर कुणाला काय बोललीस, ते कोण लिहिणार? मी कानांनी ऐकलंय."

मी म्हटलं, "त्याचा इथे संबंध नाही."

मास्तर म्हणाले, "पूर्ण शुद्धीत लिहितेस म्हणालीस ना? मग लिही."

कलम ५-अ. लिहिते. त्या दिवशी सिल्व्हेनसही टेकडीवर आला होता. झगा नव्हता, अंगावर कामाचेच कपडे होते आणि केसांत भुसा. तो मंडळीत नाही. दर रविवारी फक्त दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "सिल्व्हेनस, माझं चुकलं. तू पहिल्यांदा विचारलंस त्याच दिवशी मी हो म्हणायला हवं होतं." त्याने टोपी काढली. आम्ही चाळीस मिनिटं शेजारी शेजारी उभे राहिलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत चांगली चाळीस मिनिटं होती. मग बोट आली. तो म्हणाला, "इस्मेना?" भोवती सगळं गाव, अंगावर खळीचा झगा, खाली कांदे उतरताहेत; मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "ते मी घाईत बोलले होते."

तेच शब्द. वर लिहिले ते आता खोडता येत नाहीत, मास्तर खोडू देत नाहीत. अल्मिना खिडकीत हसते आहे. तिला आत बोलावून कॉफी दिली आहे, कारण आता तिच्यावर रागावायला मला तोंड राहिलेलं नाही. अंड्यांची माफी या कलमान्वये पुन्हा मंजूर करण्यात येते.

कलम ६. साक्षीदार दोन लागतात. मास्तर एक. दुसरी म्हणून अल्मिनाला विचारलं, तर मास्तर म्हणाले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीची सही केली तर त्याचा वाटा जातो. अल्मिनाने पेन खाली ठेवलं. "नऊ कोंबड्या आहेत," म्हणाली. मग तिनेच पडवीत जाऊन खाली हाक मारली आणि सिल्व्हेनस वर आला. हातात रंधा तसाच होता.

मास्तरांनी त्याला कलम ३ वाचून दाखवलं. त्याने नीट ऐकलं आणि मला म्हणाला, "घर मला? इस्मेना, घर मीच बांधलंय. ते कुठं कुठं गळतं ते मला विचार. मला नकोय."

"अरे, मी मेल्यावर रॉडनी तुला हाकलेल ना!"

"हाकलू दे. चाळीस वर्षं मी घरासाठी येत होतो का तुझ्या दारात? आणा मास्तर, साक्षीदार म्हणून कुठं करायची सही?"

मास्तर म्हणाले, "सिल्व्हेनस, सही केलीस तर तुला छदामही मिळणार नाही."

"माहीत आहे, येताना अल्मिनाने सांगितलं मला." आणि शेवटचं पान ओढून घेऊन त्याने सही ठोकलीसुद्धा. मास्तर म्हणतात, इस्मेनाच्या आधी केलेली सही चालणार नाही, पुन्हा करावी लागेल. तो म्हणतो, पुन्हा करीन, मला सवय आहे.

मला रडू आलं. हे कागदावर घ्यायचं का, मी मास्तरांना विचारलं. घे म्हणाले. वाट पाहायची म्हणजे कशाला हात लावायचा नाही, असं मी समजत आले. खोलीला छप्पर नको, बोटात अंगठी नको, उगाच प्रभूला वाटायचं की आपण तयार नाही. आणि हा मनुष्य माझ्याइतकीच वर्षं वाट पाहत होता, आणि तेवढ्या वर्षांत त्याने सतरा होड्या समुद्रात सोडल्या. प्रभूने आपली घटका कुणालाच सांगितलेली नाही. ती आम्हाला कळली असं आम्हीच म्हणत होतो. त्याने उशीर केलेला नाही, उशीर मी केला.

मग मी उठून उभी राहिले आणि अल्मिना व मास्तर यांच्या समक्ष सिल्व्हेनसला म्हणाले, "टेकडीवर बोलले ते घाईत नव्हतं. परत घेतलं ते घाईत होतं. तुला अजून विचारायचंय का?"

तो म्हणाला, "पुढची तारीख निघाली आहे का?"

मी म्हटलं, "हो. शनिवार, एक जून."

कलम ७. मास्तरांनी आत्ता, एवढी सात पानं भरल्यावर, सांगितलं की लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. आधी का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणतात, तसा प्रश्नच कधी उद्भवेल असं वाटलं नव्हतं. नवं करावं लागेल. त्यात नवऱ्याला शेडमधून कोणी हलवू शकणार नाही असं लिहू, आणि साक्षीला दुसरी माणसं आणू. सबब, हे मृत्युपत्र आजपासून शनिवार, एक जून, सकाळी अकरा वाजेपर्यंतच लागू राहील. दोन्हीकडचे केक आमच्या बेटाच्या रीतीप्रमाणे उचलून नाचवले जातील, नवरीकडचा अल्मिना नाचवेल, आणि त्याला लागणारी अंडी तिने स्वतः आणावीत.

शेवटची विनंती कायद्याला नाही, प्रभूला आहे. प्रभू, चाळीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तुला लवकर ये, लवकर ये म्हणत आले. अजूनही म्हणते. तुझी वाट पाहणं मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. फक्त त्या शनिवारी अकराच्या आत येऊ नकोस रे बाबा. बारा वाजता ये. तुझ्यासाठी खुर्ची ठेवते.

वरील मजकूर मी वाचला, मला तो पटला, म्हणून सही करते.

इस्मेना लेंडोर

साक्षीदार पहिले: फिट्झरॉय लॅम्बर्ट, निवृत्त शिक्षक

साक्षीदार दुसरे: सिल्व्हेनस इनो, होडी बांधणारा. नाते: शेजारी, शनिवारपर्यंत.

सही न केलेल्या पण हजर: अल्मिना बेथेल

ठिकाण: हिलेअर बे, कॅरियाकू

मंगळवार, दिनांक १४ मे २०१९