खंडेनवमीला बंद राहील तेच हत्यार

अण्णा,

कामाचे साधन म्हणून संगणक मोबाईलहून श्रेष्ठ आहे, एवढेच मला येथे सिद्ध करायचे आहे. तर्कशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, तरी हत्याराची व्याख्या तुमचीच घेतो. कोर्टाबाहेर बसून तुम्ही ज्या टाइपरायटरवर पोट भरलेत, तो खंडेनवमीला पाटावर असायचा. हळदकुंकू, वर झेंडू. लहानपणी एकदा मी हळूच एक कळ दाबली आणि फूल घरंगळले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "आज त्याची सुट्टी. एक दिवस हात आवरत नसेल, तर मालक कोण? तू की ते?"

आता केबिन रोडमागच्या या घरात सुनेला माझ्या संगणकाचे टेबल हवे आहे. ती जेवणाचे डबे पुरवते. भरायला जागा पुरत नाही. परवा म्हणाली, "बाबा, ऑर्डर, फोटो, पैसे, सगळं फोनवर चालतंय. बोललं की टाइपसुद्धा करतोय तो. तुमचं धूड नुसतं घरघरतंय!" मान्य. फोन ऐकतो, पाहतो, वाट दाखवतो; माझ्या संगणकाला यातले काही येत नाही. परंतु संगणकात फाइल मी ठेवली तिथेच सापडते, दोन युक्तिवाद शेजारी उघडून ताडता येतात, नको तो प्रोग्रॅम मुळासकट काढता येतो. फोनमध्ये प्रत्येक अ‍ॅपची स्वतंत्र बंद खोली, आणि काही अ‍ॅप तर मालकाने सांगूनही हलत नाहीत. मालकालाच नकार देते ते हत्यार कसले? मी म्हणालो, "खंडेनवमीला तो दिवसभर बंद ठेवून दाखव. राहिला, तर टेबल तुझे."

"ठेवते! पण तुमचाही बंद हं, बाबा."

आज खंडेनवमी. सकाळपासून तिचा फोन पाटावर झेंडूखाली निपचित आहे. दुपारी एक गिऱ्हाईक जिने चढून आले. "भाभी, फोन क्यों नहीं लग रहा?"

"आज उसकी छुट्टी है," ती हसून म्हणाली, आणि पोळ्या लाटायला आत गेली.

अण्णा, क्षमतेविषयी मी मांडलेले एकही विधान मी मागे घेत नाही. चूक एकच झाली, ती खाली सही करून मान्य करतो. हे पत्र मी संगणकावर लिहितो आहे, झेंडू बाजूला सारून. छापणार नाही, प्रिंटरचा आवाज स्वयंपाकघरात जाईल. टेबल मात्र संध्याकाळी रिकामे करून देईन.

— तुमचा थोरला