हळदीच्या कारखान्यातली मुलाखत

आई, आज मी हळद पावडरच्या कारखान्यात नोकरीसाठी मुलाखत देऊन आले. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी हे सांगायला तुझ्याशिवाय कुणी सुचलं नाही. साताऱ्यातली कंपनी दिवाळीनंतर बंद पडली. सोळा वर्षं पॅकिंगला होते तिथे. नवरा गेल्यापासून मिळवणारी मी एकटीच, म्हणून लेकीला घेऊन सांगलीला तुझ्याच खोलीत राहायला आले. तिचं बारावीचं वर्ष आहे.

एकोणिसाव्या वर्षी मला साडीच्या दुकानात नोकरी लागली होती, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात तू हळदीच्या वखारीतून कामावरून सुटल्यावर गिऱ्हाइकासारखी येऊन दुकानात उभी राहिलीस. हात कोपरापर्यंत पिवळे. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, नुसती बघून गेलीस. घरी आले तर तू भाकऱ्या करतेयस. "बसायला स्टूल न्हाई तितं. दिवसभर हुबी ऱ्हातीस व्हय?" मी म्हटलं, सगळ्याच पोरी उभ्या असतात. "आन् संडास?" दुकानात नव्हताच. आम्ही पाणीच प्यायचो नाही. "पगार काय, मालक तोंडानं सांगतोय. बाकीचं आपल्याला डोळ्यानं बघाय लागतंय. उद्यापास्नं जायाचं न्हाई." मी चिडले. म्हटलं, मग तू का जातेस त्या धुळीत हळकुंडं निवडायला? तव्यावरची भाकरी उलटून तू हळूच म्हणालीस, "मला सांगाय कोन न्हवतं." त्यावर पंधरा दिवस मी तुझ्याशी अबोला धरला.

शेवटची दोन वर्षं तुला आडवं होता येईना. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायचीस. डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ बसलीय. तू गेलीस तेव्हा वखारीतला माणूस एक साडी ठेवून गेला.

आज मुद्दाम तासभर आधी गेले आणि तुझ्यासारखी हिंडून बघितलं. बायकांचा संडास एकच, त्यात रिकामी पोती रचलेली. दळणाच्या खोलीत बाया ओढणीनं नाक बांधून उभ्या. मास्क होते, पण ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, नवे कोरे. बारा तासांची पाळी, अकरा हजार हातात, पीएफचं वर्षभरानं बघू. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम मिळत होतं, चौदा हजार आणि जेवण. पण राहायचं तिथेच, आणि लेकीला कुणाकडे ठेवू? बसमध्ये मी पाच प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. मालक माझ्याच वयाचा, बोलायला मऊ. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "काय विचारायचंय का मॅडम?" मी विचारलं, "सुट्टी कधी असते?" "रविवारी. ऑर्डर असली की नाही." आणि दाराकडे बघून म्हणाला, "बाहेर बसलेल्या बायकांतलं कुणी हे विचारत नाही." बाहेर तेरा जणी होत्या, येताना मी मोजल्या होत्या. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

मग तो विचारतो, "दमाबिमा? घरात कुणाला होता का? मागनं धुळीची तक्रार नको." मी म्हणते, नाही. "आई काय करायची?" आई, मी म्हणाले, "घरीच असायची." त्यानं ते फॉर्मवर लिहून घेतलं आणि सोमवारपासून या म्हणाला.

लेकीला सांगितलं, जागा चांगली आहे. ती खूश झाली, अभ्यासाला बसली. तिनं आणखी काही विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, पण तिनं विचारलं नाही.

हे तुला कुठं पाठवणार? आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. वखारीतली तुझी सव्वीस वर्षं मी दोन शब्दांत पुसून आले, आणि खरं सांगते, ते बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.