वाचनालयात न वाचायची गोष्ट

२ डिसेंबर
जे वाचायचंच नाही, ते वाचनालयात ठेवावं का? — मला खरंच सांगता येत नाही. ग्रंथपालाच्या कोर्सला हा प्रश्न कधी आला नव्हता!

गावच्या वाचनालयाला मुंबईहून आमच्या गावच्याच निलेशदादाने जपानी अॅनिमे (तिकडची कार्टून) मालिकेच्या डीव्हीडी भेट पाठवल्यात. तेरा भाग. बोलणं जपानी, खाली इंग्रजी ओळी. आमचे अध्यक्ष भिकाजी गुरुजी म्हणाले, "वाचनालय आहे हे, थिएटर नव्हे." आणि डबा माझ्याकडेच सरकवला — "तू पदवीधर. बघ, आणि १४च्या सभेत मत सांग. ठेवण्याजोगी नसेल तर परत पाठवू."

दुपारी आई जेवणाचा डबा घेऊन आली. नेहमीसारखी पायरीखालूनच हाक. आत ये म्हटलं. "नको गो. माका खंय वाचूक येता!" मी इथे लागून वर्ष झालं. एकदाही आत आलेली नाही.

४ डिसेंबर
घरच्या प्लेअरवर पहिले दोन भाग. तळ्याकाठचं गाव, एक शाळकरी मुलगी, आणि फक्त तिलाच दिसणारा, तळ्यातून वर येणारा शिंगवाला म्हातारा. लहान मुलं घाबरतील? वहीत लिहिलं — 'दहा वर्षांपुढील.'

आई बाजूला झाडूंसाठी माडाच्या झावळीचे हीर काढत होती. मी तिला एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. थोड्या वेळाने म्हणते, "गप रव गो. माका दिसता मां!"

५ डिसेंबर
रस्त्यासाठी तळ्याकाठचं जुनं झाड तोडलं, तर म्हाताऱ्याने तळंच आटवलं. मी लिहिलं — 'राग अचानक. कारण स्पष्ट नाही.'

आई म्हणाली, "ह्यो राखणदार त्यांचो. नारळ नाय, गाऱ्हाणां नाय, न सांगता झाड तोडल्यांनी. रागावतलो नाय तर काय!"

"आई, जपानात नारळ खंय?"

"मग जां पिकता तां ठेवूचां!"

पुढच्याच भागात गावकऱ्यांनी तळ्याकाठी भाताचे मुटके ठेवले. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी माझी ओळ खोडली.

८ डिसेंबर
संध्याकाळी आई हात धुऊन टीव्हीसमोर बसते. हीर तसेच पडलेत.

९ डिसेंबर
मुलगी शहरात शिकायला निघाली. आई म्हणाली, "ता चेडू तुझ्यासारख्यांच चालता."

१२ डिसेंबर
अकरा भाग झाले. राखणदार गाव सोडून निघालाय. शेवटची डिस्क घरी चालेना! वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर चालली. पण पुढे बघितलं नाही. एकटीने कसं बघायचं?

"आई, उद्या तिकडेच ये."

"नको. तू बघून सांग."

मलाच गप राहायला सांगणारी ही!

१४ डिसेंबर
सभेत मत वाचलं — ठेवावी, मोठ्यांच्या विभागात. गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं लिहिलंस. पण मोठ्यांपैकी मागितली कोणी? एका तरी सभासदाची मागणी दाखव. नाहीतर बुधवारी पार्सल." त्यांचं काही खोटं नाही. मागणीच्या वहीत कादंबऱ्या आहेत, पाककृती आहेत, स्पर्धा परीक्षा आहेत. अॅनिमे कुठे नाही.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "जांव दे. आमका काय करूचां." झाडू बांधत राहिली. मग मान वर न करता — "पण तो परत इलो काय गो गावात?"

माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

१५ डिसेंबर
वाचनालय वाचणाऱ्यांचं, असं मी इतकी वर्षं धरून चालले. कोणी सांगितलं होतं मला?

१६ डिसेंबर, बुधवार
आई आज आत आली. चपला पायरीखाली काढून — देवळात जावं तशी! सभासद झाली. मागणीच्या वहीत नोंद केली: मालिकेचे शेवटचे दोन भाग. अक्षर माझं, अंगठा तिचा. गुरुजींनी नोंद दोनदा वाचली. मग स्वतः खुर्ची पुढे केली, "सीताबाई, बसा." आणि मला, "लाव गो ती."

त्यांनी नाही म्हटलं असतं तरी पार्सल जाणार नव्हतं. डीव्हीडींच्या डब्यावर वाचनालयाच्या मालकीचा शिक्का मी सकाळीच मारला होता.